घरातल्या सामानाचा विमा: मुंबईकराने तो कसा पारखून घ्यावा

घराच्या विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "चोरी झाली तर पैसे मिळतात ना?" आणि नेमकं याच प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. आज घरासाठी जी प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात, तिच्या मूळ कव्हरमध्ये साधी घरफोडी येतच नाही. आग येते, पूर येतो, भूकंप, वादळ, दंगल, दहशतवादी हल्ला येतो, क्षेपणास्त्राच्या चाचणीत झालेलं नुकसानसुद्धा येतं. पण दुपारी घर बंद असताना कोणी कडीकोयंडा उचकटून आत शिरलं, तर ती पॉलिसी हात वर करते. चोरीसाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं, आणि मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही.

म्हणून सामानाचा विमा घेताना प्रीमियम किती, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी तीन गोष्टी ठरवायच्या: कोणत्या कारणाने नुकसान झालं तर पैसे हवेत, कोणत्या वस्तूंचे हवेत, आणि ती वस्तू आपल्याकडे होती हे आपण दाखवणार कसं. पुढचं सगळं याच क्रमाने घेऊ.

आपल्याकडे आधीच काय आहे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा विमा उतरवायचा असतो. तुमच्या सोसायटीने उतरवला आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. बरेचदा उत्तर "हो, होता बहुतेक" असं येतं, तेव्हा चालू वर्षाची प्रत बघायला मागा. पण उतरवला असला तरी तो इमारतीचा आहे. भिंती, जिने, लिफ्ट, टाकी. तुमचा फ्रिज, सोफा, कपाटातल्या साड्या यांच्याशी त्या पॉलिसीचा काही संबंध नाही.

गृहकर्ज घेताना बँकेने कुठली तरी पॉलिसी गळ्यात मारलेली असते. ती काढून वाचा. दोन वेगळ्याच गोष्टी तिथे सापडू शकतात. एक म्हणजे कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फेडणारा विमा. त्याचा घराशी फक्त नावापुरता संबंध. दुसरी म्हणजे इमारतीचा आगीचा विमा, ज्यात सामान सहसा नसतं. "आमचा घराचा विमा आहे" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांकडे प्रत्यक्षात यांपैकी एक असतं.

भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं की हे आपल्यासाठी नाहीच. उलट आहे. घर मालकाचं असलं तरी सामान तुमचं आहे, त्यामुळे फक्त सामानाचा विमा तुम्ही घेऊ शकता, मग तुम्ही लीव्ह अँड लायसन्सवर असा किंवा गिरगावातल्या पागडीच्या खोलीत. मालकाने इमारतीचा विमा काढला असला तरी त्यातून तुम्हाला दमडी मिळत नाही.

प्रमाणित पॉलिसी: 'भारत गृह रक्षा'

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच असतो. हा मोठाच फायदा आहे, कारण तुलना करताना फक्त दर, जोडकव्हरं (मूळ पॉलिसीला जोडून घ्यायची जादा कव्हरं) आणि सेवा एवढंच बघावं लागतं.

ही पॉलिसी तीन प्रकारे घेता येते: फक्त इमारत, फक्त सामान, किंवा दोन्ही. दोन्ही घेतलं तर सामान्य सामानाचं कव्हर आपोआप मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये. ऐकायला भरपूर वाटतं. मुंबईत मात्र इथेच गणित फसतं.

इमारतीची विमा रक्कम ही फ्लॅटची बाजारातली किंमत नसते. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा हिशेब असतो, कारण जळालं तर पुन्हा बांधायचा खर्च मिळणार, जागेचा भाव नाही. समजा मुलुंडला तुमचा ४५० चौरस फुटांचा वन बीएचके आहे. बाजारात तो सव्वा-दीड कोटीला जात असेल. बांधकामाचा दर चौरस फुटाला ३,००० रुपये धरला तर विमा रक्कम येते १३ लाख ५० हजार, आणि त्याचे २० टक्के म्हणजे २ लाख ७० हजार. तुमचं सगळं सामान त्या २ लाख ७० हजारांत बसवायचं आहे. बसत नाही, हे पुढे यादी केली की कळेल. त्याहून जास्त हवं असेल तर वस्तूंचा तपशील देऊन रक्कम वाढवून घेता येते, थोडा जादा प्रीमियम भरून.

या पॉलिसीतली सर्वांत उपयोगी सोय मात्र वेगळीच आहे, आणि तिची जाहिरात फारशी होत नाही. विम्यात एक जुना नियम आहे: सामान ८ लाखांचं आणि विमा ४ लाखांचाच उतरवला असेल, तर १ लाखाचं नुकसान झाल्यावर कंपनी ५० हजारच देते. निम्माच विमा, तर भरपाईही निम्मीच. 'भारत गृह रक्षा'मध्ये हा नियम पूर्ण माफ आहे. विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान, तेवढे पैसे. पण घरफोडीचं किंवा आणखी कुठलं जोडकव्हर घेतलंत तर ही माफी त्यालाही लागू आहे असं गृहीत धरू नका. तिथे तो जुना नियम टपून बसलेला असू शकतो.

मुदत एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, सामानाची आपणच वाढवून घ्यायची. माझं मत विचाराल तर सामानासाठी तीन वर्षांपेक्षा लांबची पॉलिसी घेऊ नये. दहा वर्षांत घरातला टीव्ही दोनदा बदलतो, मुलं लॅपटॉप घेतात, एसी एकाचे तीन होतात, आणि पॉलिसी मात्र जुन्या यादीवर झोपलेली राहते.

मुंबईत सामान जातं कशाने?

पाण्याने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कलिना, कुर्ला, सायनच्या तळमजल्यांवरच्या घरांत गाद्या, कपाटं, फ्रिज सगळं एका रात्रीत गेलं. तो अपवादाचा दिवस होता म्हणावं, तर २९ ऑगस्ट २०१७ लाही शहर तुंबलं. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलची नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतातच. मिठी नदीच्या आसपास, नाल्याकाठी किंवा सखल भागात तळमजल्यावर राहत असाल तर पूर आणि जलमय होणं ही कारणं तुमच्यासाठी पहिल्या नंबरची. ती मूळ कव्हरमध्ये आहेत.

वरच्या मजल्यावर पाण्याची वेगळी रूपं भेटतात. गच्चीवरची टाकी फुटली, पाइप फुटला, टाकी भरून वाहिली आणि पाणी घरात शिरलं, तर त्याचं नुकसान मूळ कव्हरमध्ये येतं. पण वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून महिनोन्‌महिने झिरपणारं पाणी, त्याने फुगलेलं कपाट, ओल येऊन गेलेल्या गाद्या, हे येत नाही. विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. हळूहळू होणाऱ्या नासधुशीचा नसतो. गळतीचं भांडण वरच्या शेजाऱ्याशी आणि सोसायटीशीच भांडावं लागतं, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली आणि टीव्ही भिजला, हेही कंपनीच्या गळी उतरवणं कठीण.

वारा दुसरा. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ जवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. पत्रे उडाले, झाडं पडली. वादळ तर कव्हरमध्ये आहेच, शिवाय बाहेरची वस्तू घरावर आदळून होणारं नुकसान हेही स्वतंत्र कारण म्हणून आहे, आणि पडणारं झाड त्यातच मोडतं. शिवाजी पार्क किंवा हिंदू कॉलनीसारख्या जुन्या झाडांच्या वस्तीत ही बारीक अक्षरातली ओळ कामाची आहे.

आग तिसरी. उंच इमारतींत मीटर बॉक्सपासून, एसीपासून, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीपासून आगी लागतात. आग कव्हर आहे, पण एक मेख आहे. शॉर्ट सर्किट होऊन एसी जळाला आणि आग खोलीभर पसरली, तर खोलीतल्या सामानाचे पैसे मिळतात, पण ज्या एसीत बिघाड झाला त्या एसीचे मिळत नाहीत. व्होल्टेज वाढून फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, तेही नाही. ते हवं असेल तर विद्युत उपकरणांच्या बिघाडाचं वेगळं कव्हर असतं. जुन्या उपकरणांवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, इतका कापतात की माझ्या मते ते नव्या, महागड्या वस्तूंपुरतंच परवडतं.

जुनी इमारत आपोआप कोसळणं हा दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींमधला खरा धोका. जीर्ण झाली म्हणून इमारत पडली, तर ते मूळ कव्हरमध्ये नाही. भूकंपाने, पुराने, जमीन खचल्याने पडली तर आहे. इमारत म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत असेल तर विम्याच्या भरवशावर राहू नका. मौल्यवान सामान आधी हलवा.

यादी करा, खोली खोली करून

हे काम रविवारी सकाळी दोघांनी मिळून करायचं. एकाने मोबाइलवर चित्रण करत फिरायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. प्रत्येक कपाट उघडून. माळ्यावरचं विसरायचं नाही, तिथेच पितळेची भांडी आणि जुना मिक्सर असतो. वस्तूची किंमत लिहिताना आज ती नवी घ्यायला किती पडेल ते लिहा, तेव्हा किती दिले ते नाही.

मुलुंडच्याच त्या घराची अंदाजे यादी करून बघू. फ्रिज ३५ हजार, वॉशिंग मशीन २५ हजार, टीव्ही ४० हजार, दोन एसी मिळून ८० हजार. सोफा ४५ हजार, दोन लोखंडी कपाटं ४० हजार, पलंग आणि गाद्या ५० हजार. स्वयंपाकघर, म्हणजे शेगडी, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर आणि सगळी भांडीकुंडी, ८० हजार. दोन लॅपटॉप १ लाख १० हजार. चौघांचे कपडे २ लाख. पुस्तकं, पंखे, पडदे, मुलांची सायकल आणि बाकी किरकोळ ४५ हजार. बेरीज साडेसात लाख. आणि आपोआप मिळणारं कव्हर होतं २ लाख ७० हजार.

कपड्यांचा आकडा पाहून लोक दचकतात. दोन पैठण्या, चार सिल्कच्या साड्या, लग्नातली शेरवानी, ऑफिसचे शर्ट असं एकेक मांडून बघा. दोन लाख कमीच वाटतील.

यादीत एक घोळ नेहमी होतो. भिंतीला पक्कं बसवलेलं मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, भिंतीतली वॉर्डरोब, वायरिंग, नळ-शॉवर, या पॉलिसीच्या दृष्टीने सामान नसून इमारतीचा भाग आहेत. फक्त सामानाचा विमा घेतलात आणि चार लाखांचं किचन जळालं, तर ते बाहेर राहतं. ज्यांनी इंटिरिअरवर खर्च केला आहे त्यांनी फक्त सामानावर थांबू नये, इमारतीचं कव्हरही घ्यावं, आणि रकमेत तो खर्च धरला आहे का हे विचारून घ्यावं. इमारतीच्या कव्हरबरोबर आणखी एक गोष्ट येते: घर राहण्याजोगं राहिलं नाही तर पर्यायी जागेच्या भाड्याचा खर्च. मुंबईत सहा महिन्यांचं भाडं म्हणजे किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

नोटा, नाणी, चेक, शेअर-बाँडसारखी कागदपत्रं, हस्तलिखितं, सोन्याच्या वळ्या-बिस्किटं, न जडवलेली रत्नं, वाहनं, ही मूळ कव्हरच्या बाहेर. म्हणजे पार्किंगमधली दुचाकी पुरात बुडाली तर ती गाडीच्या विम्यातून, घराच्या नाही.

घरी काही व्यवसाय चालत असेल तर स्पष्ट सांगा. पोळी-भाजीचे डबे, शिवणकाम, शिकवण्या, ऑनलाइन विक्रीसाठी पलंगाखाली रचलेले ड्रेस. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आणि घरगुती सामानासाठी आहे. व्यवसायाचा माल त्यात बसत नाही, आणि लपवलेलं असेल तर बाकी क्लेमही अडकू शकतो.

यादी, चित्रण आणि बिलांचे फोटो घराबाहेर ठेवा, म्हणजे ईमेलवर किंवा ड्राइव्हवर. यादीची वही कपाटात असेल तर कपाटाबरोबर तीही जाते. टीव्ही, लॅपटॉप, फ्रिजच्या मागच्या लेबलचा, सिरियल नंबर वाचता येईल असा फोटो काढा. बिल हरवलं असेल तर कार्डाचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरची नोंद, वॉरंटी कार्ड, वस्तू मागे दिसणारा गणपतीतला घरचा फोटो, काहीही चालवून घेता येतं. काहीच नसेल तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी नेमते तो माणूस, स्वतःच्या अंदाजाने आकडा लावतो, आणि तो अंदाज सहसा तुमच्या बाजूचा नसतो.

घरफोडीचं कव्हर: शब्द न्‌ शब्द वाचा

मूळ पॉलिसीत चोरीचा एकच प्रकार येतो. आग, पूर अशा कव्हर असलेल्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच झालेली चोरी. पाणी भरलं म्हणून तुम्ही बहिणीकडे गेलात आणि उघड्या घरातून टीव्ही गेला, तर मिळेल. एरवी नाही.

घरफोडीचं जोडकव्हर किंवा 'हाउसहोल्डर्स पॅकेज' प्रकारची (अनेक कव्हरं एकत्र देणारी) पॉलिसी घेताना पाच गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पहिली, फक्त जबरदस्तीने शिरून केलेली चोरी कव्हर आहे की साधी चोरीही? घरफोडीच्या कव्हरला कुलूप तोडल्याची, खिडकीचं ग्रिल कापल्याची खूण लागते. दार नुसतं लोटलेलं असताना कोणी शिरून मोबाइल उचलला तर ती साधी चोरी, आणि तिचं कव्हर वेगळं.

दुसरी, घरातल्या माणसाचा किंवा कामाला येणाऱ्या व्यक्तीचा हात असेल तर काय? बऱ्याच पॉलिसी हे वगळतात.

तिसरी, घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं? मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांनी, अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहणाऱ्या आजी-आजोबांनी हे आधी बघायचं. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर कंपनीला ईमेलने कळवा आणि त्यांची संमती लेखी मिळवा.

चौथी, पैसे कशावर? नव्या वस्तूच्या किमतीवर, की घसारा वजा करून? पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचा घसारा वजा केला की हातात मिठाईच्या डब्यापुरते पैसे उरतात.

पाचवी, रकमेचा आधार. एका रात्रीत सगळं घर कोणी उचलून नेत नाही, म्हणून काही कंपन्या एकूण किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच घरफोडीचं कव्हर देतात. याला 'फर्स्ट लॉस' म्हणतात. प्रीमियम कमी बसतो, सौदा वाईट नाही. फक्त एकूण किंमतही खरीच लिहावी लागते.

सोनं

मराठी घरात खरा जीव इथे अडकलेला असतो. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, आजीची बोरमाळ. दागिने 'मौल्यवान वस्तू' या वेगळ्या, ऐच्छिक कव्हरमध्ये येतात. मूल्यांकनाचं प्रमाणपत्र देऊन किंमत आधीच ठरवून घेता येते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कुठलीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर 'भारत गृह रक्षा'मध्ये प्रमाणपत्राची अट नाही. सोन्याच्या आजच्या भावात एक लाखाच्या आतला दागिना म्हणजे फार तर अंगठी किंवा कानातले, त्यामुळे ही सवलत पूर्वीइतकी कामाची राहिलेली नाही. सराफाकडून प्रमाणपत्र घ्याच, वजन आणि कॅरेट लिहिलेलं, आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा. भाव वाढला की रक्कमही वाढवा.

पण लक्षात घ्या, हे कव्हरसुद्धा आग-पूर वगैरे कारणांसाठी आहे. दागिने चोरीला गेले तर घरफोडीच्या कव्हरमध्येच दागिने नमूद असायला हवेत. आणि अंगावर घालून लोकलमधून जाताना मंगळसूत्र खेचलं, तर घरातल्या सामानाच्या विम्याचा संबंध संपला. त्याला घराबाहेरही चालणारं 'ऑल रिस्क' कव्हर लागतं. ते महाग असतं. रोज वापरातल्या दोन-तीन वस्तूंपुरतं घेणं ठीक, सगळ्या दागिन्यांसाठी नको.

"आमचं सोनं लॉकरमध्ये आहे" हे पूर्ण उत्तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे बँकेत आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं ४,००० असेल तर ४ लाख. भूकंप, पूर, वीज पडणं अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढंही नाही. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. तो हवा तर तुम्हीच विमा कंपनीकडून मागायचा, आणि पॉलिसीत लॉकरची जागा लिहून घ्यायची. तरीही घरात ठेवून भरमसाट प्रीमियम भरण्यापेक्षा लॉकर बरा, असंच मी म्हणेन.

विकत घेताना

फक्त आग-पुराच्या कारणांसाठी सामानाचा विमा आश्चर्य वाटेल इतका स्वस्त असतो. प्रीमियम फुगतो तो घरफोडी, दागिने आणि उपकरणांच्या बिघाडाने. त्यामुळे दोन कोटेशन मागा: एक फक्त मूळ कव्हरचं, एक घरफोडीसह. दागिन्यांचा आकडा वेगळा काढायला सांगा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला असला तरी घराच्या विम्यावर १८ टक्के आहेच. आकडा करासह विचारा.

तळमजला किंवा बैठी चाळ असेल तर पुराच्या कव्हरमध्ये तडजोड नको. घरफोडीचं नंतर बघता येईल. विसाव्या मजल्यावर, वॉचमन असलेल्या टॉवरमध्ये असाल तर इंटिरिअरचा आणि आगीचा हिशेब आधी. घर वरचेवर बंद राहत असेल तर घरफोडी. सगळ्यांनी सगळंच घ्यायची गरज नाही.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, एजंटला भरू देऊ नका, किमान सही करण्याआधी वाचा. इमारतीचं वय, मजला, भिंती-छपराचा प्रकार, आधीचे क्लेम, घर भाड्याने दिलं आहे का, सगळं खरं. पत्रा आहे तर पत्राच लिहा. पॉलिसी आली की नाव, पत्ता, फ्लॅट नंबर, रक्कम, जोडकव्हरं एकेक करून ताडा. इमारतीच्या विंगचं अक्षर चुकलेलं असतं, आणि ती चूक क्लेमच्या दिवशीच सापडते.

नुकसान झालं तर

आधी माणसं, वीज, गॅस. मग लगेच कंपनीला कळवा, फोन केला तरी ईमेलही करा म्हणजे वेळ नोंदली जाते. आगीत अग्निशमन दलाचा अहवाल लागतो, चोरीत एफआयआर. पोलीस ठाण्यात नुसती तक्रार नोंदवून थांबू नका, एफआयआरची प्रत घ्या. ती विनामूल्य मिळते. गेलेल्या वस्तूंची यादी त्यात पूर्ण आली पाहिजे. चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात, त्याला आपल्याकडे 'ए समरी' म्हणतात: गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. घरफोडीच्या क्लेममध्ये कंपन्या तो मागतात, आणि त्याला महिने लागतात. तपास अधिकाऱ्याचा पाठपुरावा करत राहा.

पुरानंतर चिखल काढायची घाई सगळ्यांनाच असते, पण सर्व्हेअर येण्याआधी भिजलेल्या गाद्या आणि फ्रिज पालिकेच्या गाडीत टाकू नका. दुर्गंधीने टाकावंच लागलं तर आधी चित्रण करा, भिंतीवरची पाण्याची रेषा फुटपट्टी लावून टिपा, सिरियल नंबराचे फोटो घ्या, आणि टाकत असल्याचं कंपनीला ईमेल करा. बाकी वाचवता येईल ते वाचवणं तुमचीच जबाबदारी. पाणी ओसरल्यावर लॅपटॉप ओला तसाच ठेवला आणि गेला, तर त्यावर वाद होतो.

जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. शहरभर पाणी भरलेलं असताना सर्व्हेअर घड्याळ लावून येत नाही. तरी या तारखा हाताशी ठेवा आणि ईमेलमध्ये लिहा, फाइल हलते. सर्व्हेअर आला की त्याच्याबरोबर खोलीखोलीतून फिरा, यादीची प्रत हातात द्या, आणि त्याने मागितलेले कागद एकदाच, एकत्र, पोच घेऊन द्या.

क्लेम नाकारला किंवा रक्कम कापली तर कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कलमाच्या क्रमांकासह. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे.